बाकावरचा बूट

१

बाहेर पार्कातल्या संध्याकाळच्या मिरवणुकीचे ढोल सुरू झाले होते आणि विनीत लॉकरसमोर उकिडवा बसून स्वतःची बॅग उलटीपालटी करत होता. ओले टॉवेल निघाले, कंगवा निघाला, उरलेल्या चकल्यांचा डबा निघाला. शेवटी त्याने बॅग पालथी करून झटकली आणि तसाच बसून राहिला.

"डबी नाहीये," तो म्हणाला.

पनवेलच्या पुढे हायवेला लागून असलेल्या मौजनगरी या वॉटर पार्कात ही पाच जणं रविवार घालवायला आली होती. विनीत आणि सुशांत काळाचौकीचे, एकाच चाळीत वाढलेले. विनीत परळच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होता आणि सुशांत मंडपसजावटीची कामं घ्यायचा. उन्मेष गिरगावचा, कॉलेजात यांना येऊन मिळालेला, आता कॉम्प्युटर कंपनीत चांगल्या पगारावर. अक्षदा हिंदमाताला वडिलांच्या साडीच्या दुकानात बसायची. आणि भोईवाड्याची श्रेया दादरला एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासायची. श्रेया आणि विनीतचं जमलंय, हे बाकीच्या तिघांना दोन वर्षांपासून ठाऊक होतं. त्या दोघांनी मात्र त्याबद्दल एकमेकांशीही धड बोलणं केलं नव्हतं.

डबी चांदीची, मुठीत मावेल एवढी. आईची कुंकवाची, असं विनीतने सांगितलं. दुपारी जेवणाआधी कोरडे कपडे घालायला त्याने लॉकर उघडला तेव्हा ती बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात होती. त्यानंतर लॉकर आत्ताच उघडला होता. कुलूप शाबूत होतं. किल्ली रबरी पट्ट्यात अडकवलेली, विनीतच्या मनगटावर.

सुशांतचा आवाज चढला. दुसरी किल्ली कोणाकडे असते, असं त्याने काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती तिच्याकडेच असायची. पंचविशीची, निळ्या गणवेशातली, छातीवर मनवा असं नाव लावलेली. लोकांच्या किल्ल्या पाण्यात हरवतात म्हणून एक मुख्य किल्ली काउंटरच्या खणात ठेवलेली असते, असं तिने शांतपणे सांगितलं. म्हणजे चोर तूच, असं सुशांत सगळ्यांसमोर म्हणाला. मग मॅनेजर आला. कुलूप तुटलेलं नाही, गिऱ्हाइकाची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातावर, म्हणजे उघडणारा कोण ते दिसतंच आहे, असा त्याने सरळ हिशोब केला. उद्या संध्याकाळपर्यंत वस्तू परत आली नाही तर मुलगी कामावरून बंद, आणि तुम्हाला पोलिसात जायचं तर खुशाल जा, असं म्हणून तो मोकळा झाला.

मनवा रडली नाही. तिने स्वतःची पिशवी काउंटरवर रिकामी केली. पाण्याची बाटली, डबा, छत्री.

"तपासा," ती म्हणाली. "पण तपासायच्या आधी चोर म्हणालात, ते परत कसं घेणार?"

श्रेयाची नजर उघड्या लॉकरकडे गेली. आत पाचही जणांची पाकिटं होती. विनीतच्या बॅगेवर ठेवलेलं उन्मेषचं घड्याळही तिथेच होतं. त्याच्या पहिल्या बोनसचं, ज्याची किंमत तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगायचा.

चोराने ते बाजूला सरकवून खालच्या बॅगेतली डबी नेली होती.

२

श्रेयाचं कामच असं होतं की रोज तिच्यासमोर कोणी ना कोणी काहीतरी हरवल्याचं सांगत बसलेलं असे. त्यातून ती एक गोष्ट शिकली होती. वस्तू कशी गेली यापेक्षा नेमकी कोणती गेली, याबद्दल लोक जास्त खोटं बोलतात. म्हणून सोमवारी सकाळी ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आधी विनीतकडेच गेली.

दवाखान्याच्या कँटीनमध्ये तो चहाचा ग्लास हातात घेऊन बसला होता. चेहरा असा, जसं रात्रभर कोणीतरी त्यालाच व्यायाम करायला लावलाय. डबीत काय होतं, असं तिने विचारलं. काही नाही, थोडं कुंकू. मग ती पाण्याच्या पार्कमध्ये कशाला आणलीस? यावर तो म्हणाला की लालबागला सोनाराकडे पॉलिशला द्यायची होती, बॅगेतच राहून गेली.

श्रेयाने ते ऐकून घेतलं. रविवारी पहाटे काळाचौकीहून थेट हायवेला लागलेल्या माणसाच्या बॅगेत सोनाराकडे द्यायची वस्तू कशाला, हे तिने विचारलं नाही.

"किल्ली एकदाही हातातून काढली नव्हतीस?"

"एकदाही नाही. पाण्यातसुद्धा नाही. सुशांतने दोनदा मागितली, त्यालाही दिली नाही."

"सुशांतला कशाला हवी होती?"

विनीत अडखळला. सहजच, म्हणाला. मग चहा संपवून उठला आणि जाताजाता वळून म्हणाला की जाऊ दे, सोडून दे ती डबी, मी मॅनेजरला फोन करून सांगतो की आमचंच काहीतरी चुकलं.

तसा फोन त्याने केलाही, हे तिला नंतर कळलं. मॅनेजरने त्याला विचारलं होतं, मग सापडली का? नाही म्हटल्यावर त्याने फोन ठेवून दिला होता.

श्रेया तिथून चालत काळाचौकीला निघाली. विनीत काहीतरी लपवत होता, आणि त्याला खोटं बोलता येत नव्हतं. हे दुसरं तिला बरं वाटलं.

३

विनीतची आई, कमलकाकी, गॅलरीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तिने घरगुती डबे करून घर चालवलं होतं. विनीतच्या शिक्षणाचा विषय निघाला की ती अजूनही तांदूळ निवडण्याचा वेग वाढवायची.

"काय गो, आज ऑफिसाक दांडी?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तवा चढवायला आत गेली.

घावनं आणि चटणी समोर आल्यावर श्रेयाने काल पार्कात काय काय खेळलो ते सांगितलं. सगळ्यात उंच पाळणा, लाटांचा तलाव, गरुडझेप नावाची ती भयंकर गाडी, जी पहिल्या चढावरच वरती अडकून बसली होती. काकी हसत होती. मग श्रेयाने सहज म्हणावं तसं म्हटलं की तुमची कुंकवाची चांदीची डबी मात्र तिथे हरवली, फार वाईट वाटलं.

काकीचा उलथण्याचा हात थांबला.

"माझी डबी? ती खंय हरावली? ही काय, देवाकडे आसा. सकाळीच कुंकू लावलंय."

देव्हाऱ्यात, समईच्या बाजूला, डबी खरंच होती. वापरून गुळगुळीत झालेली, काठाला लाल रंग धरलेली. तिच्याकडे दोघींनी एकदमच पाहिलं. काकीच्या लक्षात आलं असावं की आपण काहीतरी नको ते बोललो, कारण तिने घाईघाईने पदर सारखा केला आणि म्हणाली की मग दुसरी कुठली असेल, घरात काय डब्या कमी आहेत. आणि न विचारता आणखी एक घावन वाढलं. ते वाढताना तिने श्रेयाच्या डाव्या हाताकडे क्षणभर पाहिलं आणि लगेच नजर तव्यावर नेली.

श्रेया जिना उतरत होती तेव्हा तिच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. हरवलेली डबी वेगळीच होती. आणि ती कसली, हे काकीला माहीत होतं.

४

सुशांत मंडळाच्या शेडमध्ये थर्माकोलच्या खांबांना सोनेरी रंग मारत होता. रविवारी सगळ्यात जास्त आवाज त्याचा होता आणि दुपारी सगळ्यात जास्त वेळ गायबही तोच होता, हे श्रेयाला आठवत होतं. जेवणानंतर तो टॉयलेटला म्हणून गेला तो आइस्क्रीम वितळेपर्यंत आला नव्हता.

तिने ते विचारल्यावर त्याने ब्रश खाली ठेवला. आधी पोट बिघडलं होतं म्हणाला. मग तिच्या नजरेकडे पाहून म्हणाला की पार्कातल्या स्टेजवरच्या माईकवाल्याला भेटायला गेलो होतो.

"कशाला?"

"असंच. सेटिंग लावायला. आपल्या मंडळाला गणपतीत निवेदक लागतोच ना."

"गणपतीतल्या निवेदकाची सेटिंग तू पनवेलच्या पुढे लावतोस?"

सुशांतचे कान लाल झाले. श्रेया, प्लीज, मला बोलायला लावू नकोस, मी शब्द दिलाय, असं तो म्हणाला. पण डबीला मी हात लावला नाही, आईशप्पथ. मी असं का करीन, माझं तर सगळं त्यावरच... आणि त्याने ब्रश पुन्हा उचलला.

तिने विषय बदलला. जेवणानंतरच्या गरुडझेपचं विचारलं. तो विषय निघताच सुशांत खुलला. गाडी पहिल्या चढाच्या टोकाला जाऊन थांबली, पुढच्या रांगेत श्रेया आणि विनीत, मागे तो आणि उन्मेष, आणि सगळ्यात मागच्या रांगेत अक्षदा. खांद्यावरून खाली आलेले ते जाड पट्टे असे की मानसुद्धा वळवता येईना. पाय अधांतरी लोंबकळत होते. त्याच वेळी त्याच्या उजव्या पायातला नवा बूट सुटला आणि खाली गेला. थेट कुंपणापलीकडे, लॉकर रूमकडे जाणाऱ्या वाटेवर.

"पण मिळाला ना परत," श्रेया म्हणाली. हे तिलाही आठवत होतं. गाडी शेवटी हलली, झेपावली, फिरून फलाटावर आली, आणि सुशांत एका पायावर उड्या मारत उतरला, तर बूट फलाटावरच्या बाकावर होता.

"आपल्या सामानाच्या पिशवीला टेकवूनच ठेवला होता. गार्डने आणला असेल. चांगला माणूस निघाला, आभार मानायचे राहिले."

श्रेया शेडच्या दारापर्यंत जाऊन थांबली. त्या बाकावर निदान दहा-बारा पिशव्या होत्या. गाडीत बसलेल्या सगळ्या लोकांच्या. वरून खाली पडलेला बूट कोणाचा, हे गार्डला कसं कळावं? आणि कळलं तरी त्याची पिशवी कोणती, हे?

बूट आणणाऱ्याला सुशांतचे बूट ओळखता येत होते.

५

उन्मेष दिवसभर ऑफिसात अडकलेला असणार, म्हणून तिने त्याला फोन लावला. तोही दुपारी थोडा वेळ दिसत नव्हता. तिने सरळ विचारलं. पलीकडे बराच वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग तो हळू आवाजात म्हणाला की लाटांच्या तलावानंतर त्याला गरगरलं होतं, म्हणून तो प्रथमोपचाराच्या खोलीत जाऊन पडला होता. तिथल्या नर्सने लिंबूपाणी दिलं. सुशांतला सांगू नकोस, तो वर्षभर सोडणार नाही. हे सगळं जेवणाआधीचं होतं आणि डबी तर त्यानंतर, जेवायला बसण्याआधी विनीतने डोळ्यांनी पाहिली होती. उन्मेष सुटला.

"तू तो फोटो विकत घेतला होतास ना? गाडी खाली झेपावते तेव्हा काढलेला?"

त्याने लगेच पाठवला. फोटोत पुढच्या दोनच रांगा आल्या होत्या. श्रेयाचे केस उभे राहिले होते. सुशांतचा एक पाय अनवाणी, तोंड आ वासलेलं. उन्मेषने डोळे गच्च मिटलेले. आणि विनीत, शाळेत असल्यासारखा आनंदात, दोन्ही हात सरळ वर करून.

श्रेयाने फोटो मोठा केला. एक मनगट, मग दुसरं. दोन्ही मोकळी होती.

रस्त्याच्या कडेला उभं राहून ती आठवत गेली. फलाटावर गार्डने सगळ्यांना सांगितलं होतं, घड्याळ, साखळी, चष्मा, हातातलं काहीही असेल ते काढा. आणि त्यांनी काढलं होतं. सुशांतची साखळी, उन्मेषचा चष्मा, सगळ्यांचे मोबाईल, सगळं एका कापडी पिशवीत. विनीतने किल्लीचा पट्टाही त्यातच टाकला असणार. उतरल्यावर गार्डच्या घाईत परत चढवला आणि विसरून गेला. खोटं नव्हतं ते. दिवसभर हातात असलेली वस्तू काही वेळ नव्हती, हे कोणाच्या लक्षात राहणार?

पिशवी बाकावर ठेवायला अक्षदाने हात पुढे केला होता. मी मागे बसते, असं म्हणाली होती. पुढच्या चौघांना मागे वळून बघताच येत नव्हतं. आणि गाडी परत आली तेव्हा ती बाकापाशी, पिशवीजवळ उभी होती. सगळ्यांना वाटलं, आधी उतरली.

तिचे केस. बाकी चौघांच्या डोक्यावर वादळ होऊन गेलं होतं. अक्षदाची वेणी मात्र दुकानात निघाल्यासारखी नीट होती. श्रेयाने ते तेव्हा पाहिलं होतं आणि मनात फक्त हेवा केला होता.

हे सगळं जुळत होतं. एक सोडून. अक्षदा चोर नव्हती. पहिलीपासूनची मैत्रीण, जिने श्रेयाची सापडलेली पेन्सिलसुद्धा परत आणून दिली होती. मग डबी कशाला घेईल?

एक छोटी चांदीची डबी. काकीला ठाऊक असलेली, विनीत नाव घ्यायला घाबरत होता अशी. स्टेजवरचा निवेदक. संध्याकाळी, मिरवणुकीच्या वेळी.

श्रेया बसस्टॉपच्या बाकावर बसली. शेजारच्या बाईंनी तिला बरं वाटत नाही का, असं विचारलं. बरं वाटतंय, ती म्हणाली, आणि स्वतःला हसू येतंय हे तिच्या लक्षात आलं. तेवढ्यात तिला दुपारचं जेवण आठवलं आणि हसू थांबलं.

विनीत आणि उन्मेष आइस्क्रीमच्या रांगेत होते. ती आणि अक्षदा दोघीच टेबलावर. समोरच्या स्टेजवर निवेदकाने एका जोडप्याला वर बोलावलं होतं. मुलगा गुडघ्यावर बसला, माईक मुलीच्या तोंडासमोर, खाली शेकडो मोबाईल. श्रेयाने डोळ्यांवर हात घेतला होता. माझ्याशी कोणी असं केलं ना, ती अक्षदाला म्हणाली होती, तर मी नाही म्हणेन आणि तशीच घरी निघून जाईन. आवडता असला तरी.

अक्षदाने तिच्याकडे पाहिलं होतं. खरंच? असं विचारलं होतं. आणि श्रेया म्हणाली होती, खरंच.

६

हिंदमाताच्या दुकानात सोमवारची दुपार निवांत होती. अक्षदा गादीवर बसून एका आजींना नारायणपेठ दाखवत होती. श्रेया आली तशी तिने साडीची घडी चुकवली. आजींनी ती स्वतःच सारखी केली. त्या गेल्यावर दुकानात दोघीच उरल्या.

"गाडीत तू बसलीच नव्हतीस," श्रेया म्हणाली.

अक्षदाने मान हलवली. पायरीपर्यंत गेले, ती म्हणाली, आणि पाय उचलेना. सुशांत चिडवेल म्हणून गुपचूप बाजूला झाले. तेव्हा मनात काहीच नव्हतं. पण मग गाडी वर जाऊन अडकली. गार्ड वर बघत वॉकीटॉकीवर ओरडत होता. आणि तिच्या हातात पिशवी होती, पिशवीत किल्ली होती.

तिने मागच्या फळीवरून साड्यांचा एक खोका काढला. तळाशी, रुमालात गुंडाळलेली, डबी होती.

"स्टेजचा बेत सुशांतने मला सकाळीच सांगितला होता. मी त्याला गरुडझेपच्या रांगेत बजावलं होतं. म्हटलं, तिला असं आवडत नाही, तुम्ही घरी काय ते करा. तो म्हणाला, मुली आधी तसंच म्हणतात. विनीतला सांगायला जावं तर तो तुझ्या शेजारून हलेना. श्रेया, तू खरंच नाही म्हणाली असतीस. मग तुम्ही दोघांनी काय केलं असतं? माझ्या डोक्यात एवढंच होतं, आजची संध्याकाळ टळू दे. रात्री घरी जाताना त्याच्या बॅगेत परत टाकणार होते."

"आणि बूट?"

"वाटेवर पडलेला दिसला. सुशांत अनवाणी फिरेल म्हणून उचलला." ती कसनुसं हसली. "चोरी करताना कोणी बूट उचलतं का? पण मला चोरी वाटलीच नाही ती."

"मनवाला वाटली," श्रेया म्हणाली.

अक्षदाचं हसू गेलं. मग ती बोलत राहिली, खाली मान घालून. सुशांत ओरडायला लागला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात मॅनेजर आला. त्या मुलीने पिशवी ओतली आणि हिचे पाय त्या गाडीच्या पायरीवर थिजले होते तसेच पुन्हा थिजले. रात्रभर झोप नाही. सकाळपासून चार वेळा पार्कचा नंबर लावून कापला.

श्रेयाला तिचा राग आला होता, आणि तिला कवेत घ्यावंसंही वाटत होतं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. मोबाईल गादीवर ठेवला.

"पाचव्यांदा लाव. मी बसलेय इथे."

अक्षदाने फोन लावला. यावेळी कापला नाही. डबी मी घेतली होती, त्या मुलीचा काही संबंध नाही, असं तिने स्पष्ट शब्दांत सांगितलं. मॅनेजर बराच वेळ काहीतरी बोलला. उद्या येते, ती म्हणाली. हो, स्वतः येते.

फोन ठेवल्यावर तिने डबी श्रेयासमोर सरकवली. श्रेयाने हात मागे घेतला.

"मला नको. मला कोणी दिलेली नाही अजून."

७

मंगळवारी पाचही जणांनी रजा टाकली. अक्षदाने आदल्या संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून स्वतःच सांगितलं होतं आणि डबी विनीतला दिली होती. विनीत म्हणाला की स्टेजची कल्पना मलाही नकोशी वाटत होती, पण सुशांतने इतकी मेहनत घेतली होती, डबी निवेदकाकडे द्यायला किल्लीही दोनदा मागितली होती. सुशांतने त्यावर भांडण काढलं, मग स्वतःच मिटवलं. बूट आणल्याबद्दल त्याने अक्षदाचे आभार मानले. उन्मेष वाटेत हळूच म्हणाला की त्याला त्या गाडीत डोळे उघडायची हिंमत झाली नव्हती, आणि सुशांत म्हणाला, फोटोत दिसतंय.

मनवा काउंटरवर होती. मॅनेजरने सोमवारीच संध्याकाळी तिला काम चालू ठेवायला सांगितलं होतं. माफी मागितली नव्हती.

अक्षदा पुढे झाली. तिने काही तयारी करून आणलेलं बोलणं होतं, ते अर्ध्यात विसरली. मी घेतली, तुम्ही उभ्या होतात आणि मी गप्प बसले, माझं चुकलं, एवढंच शेवटी निघालं. सुशांतनेही मान खाली घालून माफी मागितली. मग तो मॅनेजरला शोधायला गेला आणि चक्क हाताला धरून घेऊन आला. सगळ्यांसमोर चोर म्हणालो होतो, सगळ्यांसमोरच परत घेतो, तुम्हीपण घ्या, असं त्याने त्याला सांगितलं. मॅनेजरने घसा साफ करून गैरसमज झाल्याचं मान्य केलं आणि फोन आल्याचं निमित्त करून निघून गेला.

मनवाने अक्षदाकडे नीट पाहून घेतलं.

"घरी आईला सांगितलं नव्हतं मी," ती म्हणाली. "काम गेलं असतं तर काय सांगायचं, तेच ठरवत होते काल दिवसभर." मग थोड्या वेळाने: "तुम्ही आलात ते बरं केलं. फोनवर मला पटलं नसतं."

मागे ओल्या मुलांची रांग लागायला लागली होती. कोणाच्या गळ्यात रबरी टायर, कोणाचे दात थंडीने वाजत होते. मनवाने त्यांना हातानेच थांबवलं.

"एक विचारू? काय होतं त्या डबीत?"

चौघांनी विनीतकडे पाहिलं. विनीतने श्रेयाकडे.

"माझ्याकडे बघू नकोस," श्रेया म्हणाली. "मला कोणी काही सांगितलेलं नाही. पण यांना विचारायचा हक्क आहे. सगळ्यात पहिला."

विनीतने खिशातून डबी काढली. काउंटरवर ठेवली, मनवाच्या बाजूला तोंड करून, आणि उघडली. आत बारीक लाल खड्याची एक अंगठी होती. आईची, तो म्हणाला. बोटं सुजायला लागल्यापासून ती घालत नाही.

मनवाने ती हातात घेतली नाही. वाकून पाहिली.

"एवढं सगळं या अंगठीसाठी?"

"हो."

"कुणाची आहे आता?"

विनीतने तोंड उघडलं. त्याला स्टेजवर बोलायचं सगळं पाठ होतं, असं सुशांतने नंतर शपथेवर सांगितलं. त्यातलं एक वाक्य आठवेना. त्याने फक्त श्रेयाकडे बोट केलं, आणि बोट केल्यावर ओशाळून ते खाली घेतलं.

"हिला विचारायचं होतं," तो म्हणाला. मग श्रेयाला म्हणाला, "म्हणजे, तुला. लग्न करशील का माझ्याशी?"

रांगेतल्या मुलांना काही कळलं नव्हतं. दूर कुठेतरी गरुडझेपमधून माणसं ओरडत खाली येत होती.

"करेन," श्रेया म्हणाली.

मनवाने डबी त्याच्याकडे ढकलली. "मग घाला लवकर. आणि जरा बाजूला उभे राहा, पोरं गारठलीत."

ते बाजूला झाले, सुकत घातलेल्या टॉवेलांच्या दोरीखाली. अंगठी थोडी सैल होती. विनीत कुठलं बोट ते शोधत राहिला, तेव्हा श्रेयानेच बोट पुढे सरकवलं. उन्मेषने चष्मा काढून पुसला. सुशांतने सवयीने मोबाईल वर धरला, आणि अक्षदाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. या वेळी सगळ्यांसमोर.